हेतू चांगला होता, तरी गुन्हा कसा?

प्रश्न : उद्देश आणि हेतू हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो. फौजदारी कायद्याच्या पेपरात मात्र इथेच गुण जातात. फरक काय?

कृत्यातून जो परिणाम घडवायचा असतो तो उद्देश. तो परिणाम का हवा होता, याचं उत्तर म्हणजे हेतू. असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या भावाची सुटका व्हावी म्हणून कुणी त्याला जीवघेण्या मात्रेत गोळ्या दिल्या, तर हेतू दयेचा, पण उद्देश मृत्यूचाच. दोष ठरतो तो उद्देशावरून. हेतू पुराव्याला बळ देतो आणि फार तर शिक्षेच्या वेळी विचारात येतो.

पण प्रत्येक गुन्ह्याला उद्देश लागतोच असं नाही. कुठे परिणामाची जाणीव पुरते, कुठे बेदरकारपणा, कुठे नुसती हयगय. कठोर दायित्वाच्या गुन्ह्यांत तर मनात काय होतं हे विचारलंच जात नाही. म्हणून आधी त्या गुन्ह्याची व्याख्या वाचा आणि तिचे घटक सुटे करा : कोणतं कृत्य, कोणता परिणाम, कोणती मनःस्थिती. मग दिलेल्या घटनेतली एकेक गोष्ट एकेका घटकासमोर ठेवा. ‘मेन्स रिआ (दोषी मन) नाही, सबब गुन्हा नाही’ हे ठोकळेबाज वाक्य व्याख्या न वाचताच लिहिलं जातं.

प्रश्न : कृत्य आणि दोषी मन एकाच वेळी असावं लागतं म्हणतात. आधी चुकून काही घडलं आणि वाईट विचार नंतर आला, तर?

इंग्लंडमधला फॅगन खटला याच प्रश्नावरचा आहे. तो १९६९ च्या निकालसंग्रहात सापडतो. हवालदाराने गाडी कडेला घ्यायला सांगितली. चालकाने ती घेतली, पण चाक थेट हवालदाराच्या पायावर जाऊन थांबलं. ‘पायावरून गाडी काढ’ असं सांगितल्यावर चालकाने ‘थांब जरा’ या अर्थाचं उर्मट उत्तर दिलं. इंजिन बंद झालं आणि गाडी काही वेळाने मागे घेतली गेली. बचाव असा : चाक चढलं तेव्हा उद्देश नव्हता, आणि उद्देश आला तेव्हा आपण काहीच केलं नाही, नुसतं न करणं म्हणजे हल्ला नव्हे. बहुमताने न्यायालयाने तो फेटाळला. चाक पायावर होतं तोवर कृत्य चालूच होतं आणि त्या चालू कृत्याला मध्येच दोषी मन येऊन मिळालं. एका न्यायाधीशांनी भिन्न मत दिलं. ते जरूर वाचा, कारण बचावाची बाजू तितकी पोकळ नाही.

उलटी स्थिती १९५४ च्या थाबो मेली खटल्यात दिसते. ठार मारण्यासाठी डोक्यावर घाव घातला, माणूस मेला असं समजून त्याला कड्याखाली टाकलं. प्रत्यक्षात तो नंतर उघड्यावर पडून राहिल्याने मेला. दुसऱ्या कृत्याच्या वेळी मारण्याचा उद्देश नव्हता, हा बचाव चालला नाही. सगळी कृत्यं मिळून एकच योजना मानली गेली.

आणि कार्यकारणभाव विसरू नका. १९१० च्या व्हाइट खटल्यात मुलाने आईच्या पेयात सायनाइड घातलं, पण वैद्यकीय पुराव्यानुसार मृत्यू हृदय बंद पडून आला, विषाने नव्हे. त्यामुळे दोष ठरला तो खुनाच्या प्रयत्नाचा.

प्रश्न : आता समाजशास्त्राचा पेपर. दुर्खीम आणि मर्टन हे दोघेही समाजशास्त्रज्ञ ‘ॲनॉमी’ (नियमहीनता) म्हणतात. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर खपेल का?

नाही. दुर्खीमच्या मते समाज झपाट्याने बदलला की नियमांची पकड सैल होते आणि इच्छांना लगाम राहत नाही. मर्टनकडे (१९३८) लगाम सुटणं हा मुद्दा नाही. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो आणि तिथे पोहोचण्याचे रीतसर मार्ग मात्र सगळ्यांना मोकळे ठेवत नाही, या फटीवर त्याचं बोट आहे.

या फटीला माणसं देतात असे त्याने सांगितलेल्या पाच प्रतिसादांत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. ‘नवप्रवर्तन’ इथे कौतुकाचा शब्द नाही : ध्येय मान्य, रीतसर मार्ग नाकारलेला; चोरी आणि अफरातफर यातच येतात. ‘कर्मकांडवाद’ म्हणजे ध्येय सोडून दिलेलं, पण नियम काटेकोर पाळणं. बढतीची आशा सोडलेला, तरी फाइलीतला स्वल्पविरामही न सोडणारा कारकून आठवा. ध्येय आणि मार्ग दोन्ही सोडले तर पलायन, दोन्हींच्या जागी नवे आणू पाहिले तर बंडखोरी. पाचवी अनुरूपता : ध्येय आणि मार्ग दोन्ही मान्य, म्हणून तिच्यात विचलन (समाजाच्या रीतीपासून ढळणं) नाही. टीका लिहाल तेव्हा हे विचारा : पैसा आणि मार्ग दोन्ही हाताशी असलेले गुन्हा का करतात? गुन्हेगारीचा अभ्यासक सदरलँड याने पांढरपेशा गुन्हेगारीचा (प्रतिष्ठितांनी आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्यांचा) मुद्दा १९३९ मध्ये मांडला, तो इथे नेमका बसतो.

प्रश्न : लेबलिंग सिद्धांतानुसार शिक्का मारल्यामुळे माणूस गुन्हेगार बनतो. मग कायद्याच्या उत्तरात हा बचाव म्हणून लिहिता येईल?

नको. शिवाय सिद्धांतही तितका सरळ नाही. समाजशास्त्रज्ञ लेमर्टने (१९५१) प्राथमिक आणि दुय्यम विचलन वेगळं केलं. पहिली चूक कशानेही होते. शिक्का बसल्यावर माणूस स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो आणि तसा वागू लागतो, ते दुय्यम. पहिली चूक का झाली, हे लेबलिंग सांगत नाही, आणि हीच त्याच्यावरची नेहमीची टीका आहे.

विचलन म्हणजे गुन्हा, असंही लिहू नका. स्मशानात मोठ्याने हसणं विचलन आहे, गुन्हा नाही. गाडी थोडी वेगमर्यादेबाहेर नेणं गुन्हा असू शकतं, पण कुणी नाक मुरडत नाही.

समाजशास्त्रातली ‘कारणं’ कायद्यातले बचाव नसतात, याची चांगली परीक्षा साइक्स आणि मात्झा (१९५७) या समाजशास्त्रज्ञांच्या मांडणीवर घेता येते. ‘त्याचं कुठे काय बिघडलं’, ‘त्याला तसंच पाहिजे होतं’, ‘मित्रांसाठी केलं’ अशा वाक्यांनी माणूस स्वतःची समजूत कशी घालतो, ते त्यांनी दाखवलं. समाजशास्त्राच्या पेपरात ही वाक्यं अभ्यासाचा विषय आहेत. कायद्याच्या पेपरात ‘त्याला तसंच पाहिजे होतं’ लिहिलंत, तर तुम्ही आरोपीचा उद्देशच सिद्ध करून दिलात.