मेणबत्ती विझली की पाणी का चढतं?

प्रश्न: मी सातवीला विज्ञान शिकवते. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती आणि वरून काचेचा ग्लास उपडा, हा प्रयोग दरवर्षी करते. मेणबत्ती ऑक्सिजन संपवते आणि तेवढी जागा पाणी घेतं, असंच सांगत आलेय. यंदा एकाने तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी बरंच जास्त चढलं! आता त्याला काय सांगू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: आधी त्या पोराला शाबासकी द्या, पुस्तकी उत्तर त्याने एका झटक्यात मोडीत काढलंय. ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, हवेच्या साधारण 21 टक्के, मग मेणबत्त्या वाढवून पाणी जास्त का चढावं? आणि मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही हो, तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत मान टाकते. शिवाय जळून जो कार्बन डायॉक्साइड होतो तोही जागा अडवतोच की, तीन भाग ऑक्सिजन गेला तर जवळजवळ दोन भाग तो तयार होतो.

खरी गंमत उष्णतेची आहे. ग्लास पालथा घालताना काठापाशी नीट बघा, बुडबुडे निघताना दिसतील, ती तापून फुगलेली हवा बाहेर पळतेय. चार्ल्सचा नियम (दाब तोच असेल तर हवा तापेल तशी फुगते) धरला तर 27 अंशाची हवा 102 अंशाला नेली की आकारमान सव्वापट होतं, म्हणजे थोडीथोडकी हवा जात नाही, आणि तीन ज्योती असल्या की अजून जास्त. मग ज्योत विझते, उरलेली हवा गार होते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. म्हणून तर पाणी मेणबत्ती जळत असताना फारसं हलत नाही आणि विझल्यावर सर्रकन चढतं. हे वर्गात सगळ्यांना दिसतं पण कुणी विचारत नाही.

ऑक्सिजन एकपंचमांश हेच दाखवायचं असेल तर मेणबत्ती सोडा, लोखंड गंजू द्या, गंजताना ते हवेतला ऑक्सिजन खातं आणि तेवढं पाणी वर चढतं. परीक्षानळी आतून ओली करून लोखंडाचा कीस चिकटवा (लेथवाल्याकडे फुकट मिळतो, तेलकट असेल तर आधी साबणाने धुवा), नळी पाण्यात उपडी उभी करा आणि काही दिवस हलवू नका. भांड्यांची स्टीलची घासणी नको, ती बहुतेक स्टेनलेस असते, गंजायचं नावच घेत नाही. आणि पहिल्याच दिवशी पातळीला मार्करने खूण करा, नाहीतर पाणी किती चढलं यावरून पोरं भांडत बसतील.