वाचक विचारतात : दोष स्विचचा की टोकाचा?

कारखान्यातल्या फायबर स्विचच्या (काचेच्या तंतूंनी यंत्रांचे नेटवर्क जोडणाऱ्या पेटीच्या) जोडणीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले, कारण निम्म्या तक्रारी त्याच जातीच्या असतात.

प्रश्न : दोन पॅनेलमध्ये सव्वा किलोमीटर सिंगलमोड (अतिशय बारीक गाभ्याच्या तंतूंची) केबल टाकली. दोन्हीकडे १३१० नॅनोमीटरचे, १० किलोमीटर पल्ल्याचे एसएफपी (स्विचमध्ये बसणारे, प्रकाश सोडणारे-घेणारे छोटे मॉड्यूल) आहेत. लिंक मधूनच जाते-येते. स्विचमध्ये पाहिले तर एकीकडे येणारा प्रकाश उणे ८ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) आणि दुसरीकडे उणे २२ दिसतो. स्विच बदलावा का?

उत्तर : अजून नको. तुम्ही दिलेले दोन आकडेच बरेच काही सांगतात. आधी हिशेब करा. सव्वा किलोमीटरला सुमारे अर्धा डीबी, दोन स्प्लाइसचे (तंतूंच्या कायमच्या सांध्यांचे) ०.२, चार कनेक्टरांचे प्रत्येकी अर्धा धरून २. म्हणजे एकूण घट पावणेतीन डीबीच्या आसपास. या प्रकारचे मॉड्यूल उणे ९.५ ते उणे ३ डीबीएम प्रकाश सोडते, म्हणून पलीकडे वाईटात वाईट उणे १२ च्या आसपास मिळायला हवा. उणे ८ ची दिशा ठीक आहे. उणे २२ ची दिशा मात्र बिघडली आहे, कारण रिसीव्हरची संवेदनक्षमता साधारण उणे १९ ते २० पर्यंतच असते. त्याखाली लिंक टिकलीच तर नशिबाने.

दोष तंतूत आहे की मॉड्यूलमध्ये, हे शोधायला एक साधी अदलाबदल पुरते. दोन्ही टोकांना, पॅच पॅनेलच्या (केबलचे तंतू जिथे येऊन थांबतात त्या चौकटीच्या) बाजूने, जोडीतले दोन तंतू एकमेकांच्या जागी लावा. कमी प्रकाश आता दुसऱ्या दिशेला दिसू लागला तर दोष मधल्या तंतूत. होता तिथेच राहिला तर मॉड्यूल किंवा त्याची पॅच कॉर्ड (पॅनेलपासून स्विचपर्यंतची छोटी तंतूची दोरी). अदलाबदल एकाच टोकाला केलीत तर ट्रान्समिटसमोर ट्रान्समिट येईल आणि दोन्हीकडे उणे ४० किंवा त्याहून खाली, म्हणजे अंधार दिसेल. नव्या जोडणीत असा आकडा दिसला की आधी हीच चूक तपासावी.

बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे कनेक्टरच्या टोकावरची घाण. सिंगलमोडचा गाभा ९ मायक्रॉनचा, आणि केसाची जाडी त्याच्या सात-आठ पट. डोळ्याला अजिबात न दिसणारा कण गाभा झाकू शकतो. त्यामुळे टोक ‘स्वच्छ दिसते’ याला काही अर्थ नाही. ते २०० किंवा ४०० पट मोठे दाखवणाऱ्या, पडद्यावर चित्र देणाऱ्या सूक्ष्मदर्शकातूनच पाहावे. क्रम असा : पाहा, कोरड्या क्लिक-क्लीनरने पुसा, पुन्हा पाहा. डाग गेला नाही तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या वाइपवर टोक एकाच दिशेने ओढा आणि लगेच कोरड्या भागावर ओढा. ओले तसेच राहिले तर अल्कोहोल वाळताना स्वतःचाच डाग सोडते. एलसी जातीच्या कनेक्टरसाठी १.२५ मिमीचा क्लीनर, एससी आणि एसटी जातीच्या कनेक्टरसाठी २.५ मिमीचा. पॅनेलमधल्या अडॅप्टरच्या पलीकडचे टोकही पुसायचे, नाहीतर स्वच्छ टोक लगेच पुन्हा मळते. तोंडाने फुंकर घालू नका, त्यात ओलावा असतो. आणि धूळटोपी स्वतः स्वच्छ असतेच असे नाही. टोपी काढली म्हणून पुसणे टळत नाही.

घाण नसेल तर रंग पाहा. हिरवा कनेक्टर ८ अंश तिरकस घासलेला असतो, निळा सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते, प्रकाश गळतो आणि दोन्ही टोके खराब होण्याची शक्यता असते. मग केबल-टायखाली करकचून आवळलेली पॅच कॉर्ड शोधा. ३ मिमी जाडीच्या कॉर्डचे वळण ३० मिमी त्रिज्येपेक्षा लहान नसावे. टायऐवजी वेल्क्रो पट्टी वापरा.

प्रश्न : पोर्टमधून प्रकाश येतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर चालेल का? कॅमेऱ्यात काहीच दिसले नाही.

उत्तर : दिसणारच नाही. फोनच्या कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडे आंधळा असतो. ८५० चा प्रकाश कधी फिका दिसतो, १३१० आणि १५५० चा नाही. म्हणून काळे चित्र म्हणजे प्रकाश नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे. डोळ्याने तर कधीच पाहू नये. बहुतेक एसएफपी लेझरच्या वर्ग १ मध्ये मोडतात, पण भिंगातून पाहिल्यास हिशेब बदलतो. आणि पलीकडच्या टोकाला काय जोडले आहे, हे तुम्हाला ठाऊक असतेच असे नाही. अदृश्य प्रकाशाला डोळा मिटण्याची प्रतिक्रियाही होत नाही. पॉवर मीटर लावा. न वापरलेल्या पोर्टवर टोपी ठेवा.

प्रश्न : ८० किलोमीटर पल्ल्याचे १५५० नॅनोमीटरचे मॉड्यूल शिल्लक होते. ते ३ किलोमीटरवर लावले. जास्त ताकद असल्याने चांगलेच नाही का?

उत्तर : उलट. असे मॉड्यूल ० ते अधिक ५ डीबीएम सोडते आणि त्याचा रिसीव्हर साधारण उणे ३ च्या वर जास्त प्रकाशाने गुदमरतो. ३ किलोमीटरला पाऊण डीबी आणि कनेक्टरांचा एक डीबी धरला तरी पलीकडे अधिक ३ पर्यंत पोहोचेल. त्रुटी वाढतील, आणि मॉड्यूल कायमचे निकामीही होऊ शकते. दोन्ही बाजूंना रिसीव्हवर १५५० साठीचा, प्रकाश ठरावीक कमी करणारा १० डीबीचा स्थिर अॅटेन्युएटर लावा. मग येणारा प्रकाश उणे ७ ते उणे १२ च्या दरम्यान पडेल. टेबलावर दोन मॉड्यूल मीटरभर कॉर्डने जोडून तपासतानाही हाच नियम. कॉर्ड पेन्सिलीला गुंडाळून प्रकाश कमी करण्याची युक्ती चालते असे वाटते, पण काच ताणाखाली राहते आणि आकडा रोज बदलतो.

प्रश्न : फायबर वीज वाहत नाही, मग स्विचला अर्थिंग आणि दोन-दोन वीजजोडण्या कशाला?

उत्तर : काच वाहत नाही; केबलचे पोलादी चिलखत वाहते. ते केबल पॅनेलमध्ये शिरते तिथेच अर्थ बारला बांधा, स्विचपर्यंत आणू नका.

स्विच बसवताना ३५ मिमी रेलवर आधी वरचा खाच अडकवा, मग खाली दाबा. पंखा नसतो, उष्णता पत्र्यातूनच जाते, म्हणून वर-खाली किमान ५० मिमी मोकळी जागा द्या आणि शेजारी गरम होणारा मोटरचा ड्राइव्ह नको. चालू स्विचचा पत्रा हात भाजण्याइतका तापू शकतो. वीज बंद ठेवून सर्वांत आधी अर्थची तार जोडा, काढताना ती सर्वांत शेवटी. बहुपदरी तारेच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबल्याशिवाय स्क्रू आवळू नका. सुटा पदर शेजारच्या टर्मिनलला लागला की २४ व्होल्ट शॉर्ट होतात. दोन्ही इनपुट एकाच पॉवर सप्लायवरून दिले तर दुसऱ्याचा उपयोग काय? दोन वेगळे सप्लाय, दोन वेगळे फ्यूज. मग एकेक वीज काढून स्विच चालू राहतो का आणि अलार्मचा रिले हलतो का, हे पाहा. हा रिले वीज गेल्यावर उघडतो, अशा रीतीने जोडावा, म्हणजे मेलेला स्विचही तक्रार करू शकतो. ज्वलनशील वायूच्या जागेत मात्र चालू विजेवर कोणतीही जोडणी काढू नये. जागा वायुमुक्त असल्याची खात्री झाल्याशिवाय नाहीच.

एसएफपी घालताना-काढताना मनगटाला ईएसडी (स्थिर वीज जमिनीत सोडणारा) पट्टा हवा. काढताना आधी तंतू, मग लॅच सोडून मॉड्यूल.

प्रश्न : सहा स्विचचे रिंग जोडले आणि क्षणात सगळे नेटवर्क ठप्प. का?

उत्तर : रिंग प्रोटोकॉल (वर्तुळातला एक जोड राखीव म्हणून अडवून ठेवणारी व्यवस्था) बसवण्याआधी वर्तुळ बंद केले. ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांना पाठवलेले संदेश) फिरत राहतात आणि दर फेरीला त्यात भर पडते. आता एक तंतू काढा. वीज बंद करण्याची गरज नाही. प्रत्येक स्विच वेगळा करून तयार करा. एमआरपी हा रिंग प्रोटोकॉल असेल तर नेमका एक मॅनेजर, बाकी पाच क्लायंट, आणि रिंगच्या पोर्टवर आरएसटीपी (वर्तुळ रोखणारा दुसरा प्रोटोकॉल) बंद. पाच जोड लावून तपासा, सहावा शेवटी. मग मुद्दाम एक तंतू ओढा : एमआरपीची नेहमीची रचना ५० उपकरणांपर्यंत २०० मिलिसेकंदांत सावरते. पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाचा) वॉचडॉग, म्हणजे संपर्क तुटल्यावर तो किती थांबेल ते ठरवणारा टायमर, याहून कमी वेळेचा असेल तर तो आधी बदलावा लागेल.