चारच्या सुमाराची चिडचिड

प्रश्न : वय ३८, शाकाहारी, शाळेत नोकरी. सकाळी सहाला चहा घेऊन डब्यांच्या मागे लागते, नाश्ता राहूनच जातो. दहाच्या सुट्टीत चहा-बिस्किटं, दीडला पोळी-भाजी आणि त्यावर लगेच चहा. चार वाजले की डोकं फिरतं, मुलांवर ओरडते आणि मग रडू येतं. सोमवारी, चतुर्थीला तर विचारूच नका. हिमोग्लोबिन १०.४ आलंय. रोज पालक खाऊनही वाढत नाही. माझा स्वभावच असा झालाय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वभावाला बोल लावू नका. बाईचं हिमोग्लोबिन किमान १२ हवं, १०.४ म्हणजे मध्यम ॲनिमिया. मेंदूत सेरोटोनिन आणि डोपामिन ही मन ताळ्यावर ठेवणारी रसायनं तयार व्हायला लोह लागतं. ते कमी पडलं की थकव्याबरोबर चिडचिड, उदासी, मन न लागणं हेही येतं.

पालकात लोह आहे, पण शरीराला त्यातलं फार थोडं मिळतं. त्यात जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळे डाळ-भाजीतलं लोह आतड्यात खूपच कमी शोषलं जातं. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. आधी एवढा एक बदल करा, यात पैसाही जात नाही.

दुसरी गोष्ट नाश्त्याची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रात्रीच्या जेवणापासून दुपारी दीडपर्यंत तुमच्या पोटात चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही. डबे भरण्याआधी स्वतःची ताटली वाढून घ्या आणि बसून खा. आदल्या सकाळी मूठभर मटकी किंवा मूग भिजवा, रात्री फडक्यात बांधून ठेवा, सकाळी मोड आलेले असतील. मोड आले की लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं. कढईत १० मिनिटं वाफवा, गॅस बंद केल्यावरच अर्धं लिंबू पिळा. शिजताना पिळलं तर उष्णतेने क जीवनसत्त्व जातं, आणि लोह शोषायला तेच हवं असतं. घाई असेल त्या दिवशी पोह्यांत दोन मोठे चमचे शेंगदाणे आणि वरून लिंबू. चारच्या आधी, साडेतीनला, मूठभर फुटाणे आणि एक पेरू.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि दिवसभर नुसत्या चहावर काढला तर संध्याकाळी हातपाय थरथरणारच. भगरीबरोबर दाण्याची आमटी, वाटीभर दही, राजगिऱ्याची भाकरी असं दोन-तीन वेळा थोडं थोडं खा.

फक्त आहारावर १०.४ चं १२ होणं अवघड आहे, तेव्हा डॉक्टरांकडे जा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासायचं का, हे त्यांना विचारा. शाकाहारात बी-१२ दूध-दह्यातूनच मिळतं, त्यामुळे ते अनेकींमध्ये कमी निघतं. विसराळूपणा, हातापायांना मुंग्या आणि उदासी त्याचीही असू शकते. पाळीत दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत असेल, तर तेही सांगा. आणि मन सलग दोन आठवडे खिन्न असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आहार बदलून बघण्यात वेळ घालवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

प्रश्न : लोहाच्या गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून बंद केली. चालेल का?

उत्तर : काळं होणं स्वाभाविक आहे, घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, किंवा एक दिवसाआड घ्यावी का ते डॉक्टरांना विचारा. काहींना तशीही चांगली लागू पडते. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन भरलं की लगेच सोडू नका, लोहाचा साठा भरायला साधारण आणखी तीन महिने लागतात.