जिमनंतरचा 2800 चा डबा घेऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी 23 वर्षांचा, वजन 62 किलो, पुण्यात रूमवर राहतो आणि जेवण मेसचं, शाकाहारी पण अंडी चालतात. जिम लावून 5 महिने झाले, ताकद वाढलीये पण अंगावर काही दिसत नाही. ट्रेनर म्हणतो एक्सरसाइजनंतर अर्ध्या तासात पोस्ट वर्कआउट पावडर नाही घेतलीस तर सगळी मेहनत पाण्यात. डबा 2800 चा, 30 स्कूप, लेबलवर बीसीएए 5 ग्रॅम, ग्लुटामाइन अडीच ग्रॅम आणि खाली नुसतं 'रिकव्हरी ब्लेंड'. पगार 19 हजार आहे, डिस्काउंट शनिवारपर्यंतच. घेऊ का?

उत्तर: नको घेऊस रे, जाऊ दे तो शनिवार.

आधी ती अर्ध्या तासाची भीती डोक्यातून काढ. 2013 मध्ये यावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले गेले तेव्हा असं दिसलं की दिवसभराचं एकूण प्रोटीन सारखं असेल तर ते लगेच घेतलं काय किंवा नंतर घेतलं काय, फारसा फरक पडत नाही. 7 ला जिममधून सुटून 9 ला मेसमध्ये जेवलास तरी चालतंय.

आता डब्यात काय आहे बघ. स्नायू बनायला बाहेरून 9 अमिनो अ‍ॅसिड (प्रोटीनच्या विटाच म्हण) लागतात, बीसीएए म्हणजे त्यातली फक्त 3, बाकीची 6 पोटात गेलीच नाहीत तर ही 3 एकटी काय करणार. ग्लुटामाइन तर शरीर स्वतःच बनवतं, आणि धडधाकट माणसात ते वरून घेऊन मसल वाढल्याचं दिसलेलं नाही. ब्लेंडमध्ये कशाचे किती ग्रॅम ते छापलेलंच नाही, म्हणजे रोजचे 93 रुपये मोजून आपण काय पितोय तेही कळू नये, मला याचा खरंच राग येतो.

तुझं खरं दुखणं मेसच्या ताटात आहे. वजन उचलणाऱ्याला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरे, म्हणजे तुला 100 ग्रॅम. आठ चपात्या, दोन वाट्या आमटी-उसळ, थोडा भात, दही असं धरलं तरी 50 च्या आसपासच जातं. उरलेले 50 कुठून आणायचे, तर 3 अंडी म्हणजे 18, अर्धा लिटर दूध म्हणजे 16, आणि 50 ग्रॅम सुके सोया चंक्स म्हणजे 26, झाले की 60. सोया गरम पाण्यात भिजवून पिळून घे आणि मेसच्या रश्श्यात टाक, मस्त लागतं. शिवाय खिशात फुटाणे-शेंगदाणे. असं 3 महिने कर आणि वजनाचा काटा बघत राहा, तो हललाच नाही तर चपात्या पण वाढव, कारण एकूण खाणंच कमी पडत असेल तर नुसत्या प्रोटीनने भागत नाही.

तरी पावडर हवीच असेल तर साधं व्हे घे, ते दुधातूनच येतं आणि त्याच्या एका स्कूपमध्ये 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, ज्यात 5 ग्रॅमच्या जवळपास बीसीएए आपोआप आलेलं असतं. घेताना डब्याची किंमत नको बघू, एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढ. घटकांत ग्लायसिन, टॉरिन वेगळं लिहिलेलं दिसलं तर ठेवून दे, कारण प्रोटीन मोजतात नायट्रोजनवरून आणि ही स्वस्त अमिनो मिसळली की आकडा फुगतो. मास गेनर म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीच्या तर नादीच लागू नकोस. माझ्या धाकट्या भावाने सांगलीत 3 किलोचा डबा संपवला, त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेलं कार्बच होतं, वाढलं काय तर पोट. आणि कोणी बिनलेबलची पावडर पिशवीत बांधून दिली तर हातात पण घ्यायची नाही, फुकट दिली तरी नाही, हे मला शब्द दिल्यासारखं पाळ.

पैसे घालण्यासारखी अजून एकच गोष्ट, क्रिएटिन मोनोहायड्रेट, ताकदीसाठी घेतात ती पावडर, रोज 3 ते 5 ग्रॅम, कधीही घेतलं तरी चालतं. सुरुवातीला स्नायूत पाणी धरल्यामुळे वजन थोडं वाढतं, घाबरू नकोस. मात्र किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि पुढे कधी रक्त तपासलंस तर क्रिएटिन घेतोय हे त्यांना आधीच सांग, कारण त्याने रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम बघतात ते, थोडं जास्त येऊ शकतं.