चाहता, समर्थक की पाठीराखा?

प्रश्न असा आला आहे : ‘जेन्युइन फुटबॉल सपोर्टर’ला मराठीत चाहता म्हणावं, समर्थक म्हणावं, की आणखी काही? आणि जो कधी मैदानात गेलेला नाही, मोबाइलवरच सामने बघतो, त्याला तो शब्द लावता येईल का?

माझं मत ‘पाठीराखा’ या शब्दाला. मोबाइलवाल्यालाही तो खुशाल लावावा.

‘चाहता’ शोभतो तो खेळाडूच्या संदर्भात. मेस्सी २०२१मध्ये बार्सिलोना सोडून पॅरिसला आणि २०२३मध्ये मायामीला गेला, तेव्हा त्याच्यामागोमाग ज्यांचे क्लब बदलले ते मेस्सीचे चाहते. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त नातं वेगळं आहे. ‘समर्थक’ला ठरावाचा आणि निवडणुकीचा वास येतो. ‘कट्टर’ लावलं की आपल्या संघाच्या प्रेमापेक्षा दुसऱ्याचा द्वेषच आधी ऐकू येतो, म्हणून तो मी टाळतो.

उरुग्वेत चाहत्याला ‘इंचा’ म्हणतात. तिथल्या नासिओनाल क्लबात चेंडूंत हवा भरणारा प्रुदेन्सियो मिगेल रेयेस सामन्यात बाजूला उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा. स्पॅनिशमध्ये ‘इंचार’ म्हणजे फुगवणं, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. ओरडणं हे पाठीराख्याचं काम आहेच, पण तेवढंच नाही.

फेब्रुवारी २०१६मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं. संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा संघ २-० असा पुढे होता. ते गेल्यावर सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ते दर मागे घेतले. चालू सामन्याकडे पाठ फिरवणारे हे लोक माझ्या लेखी पक्के पाठीराखे, कारण पाठ राखायची ती क्लबची, मालकाची नव्हे. आज क्लब विकत घेतले जातात, हलवले जातात, त्यामुळे हा फरक फार मोलाचा झाला आहे.

लंडनमधल्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या लोकांनी तर तो जगून दाखवला. २००२मध्ये क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला, खेळाडूंची निवड चाचणी विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर घेतली आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली. २०११मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत पोहोचला. २०२०मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या ठिकाणी परतलाही. अशा लोकांना नुसतं ‘चाहते’ म्हणणं मला अपुरं वाटतं.

आता मोबाइलचं. सगळ्यांनाच मैदान गाठता येत नाही, तिकीटही परवडत नाही. रात्री-अपरात्री जागून, संघ खालच्या श्रेणीत घसरल्यावरही पुढच्या हंगामाची तारीख विचारणारा माणूस दूर असला तरी पाठीराखाच. उलट विजेता बदलला की जर्सी बदलणारा पहिल्या रांगेत बसला तरी प्रेक्षक. प्रेक्षक असण्यातही वाईट काही नाही.

वापरताना एवढं पाहावं : ‘खरा पाठीराखा’ असं लिहायची गरज नाही, खरेपणा त्या शब्दात आलाच. स्त्रीलिंगी ‘पाठीराखी’, अनेकवचन ‘पाठीराखे’. आणि क्लबच्या नावाला ‘-चा’ लावावा : ‘तो आर्सेनलचा पाठीराखा आहे.’