उत्तर: लीड्समधलं अंगण, ओली पानं आणि घड्याळं मागे गेल्यावर येणारी उदासी

तुम्ही लिहिलंयत की ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेल्यापासून सकाळी उठवत नाही, नवरा ऑफिसला गेला की घर खायला उठतं, मागच्या अंगणात ओल्या पानांचा खच पडलाय, तिथे काही केलं तर मनाला बरं वाटेल का. माझे इथले सुरुवातीचे हिवाळे अगदी असेच गेलेत म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, अनुभव तेवढा सांगते.

बरं वाटतं. मुख्य म्हणजे बाहेर पडणं होतं, आणि ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जे करायचं ते दुपारच्या आत. पानं भोकं पाडलेल्या काळ्या पिशव्यांत भरून कोपऱ्यात ठेवून द्या, वर्ष-दोन वर्षांत छान भुसभुशीत होतात. ट्युलिपचे कंद नोव्हेंबरातच लावायचे, थंडीत बुरशी कमी लागते. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर. लसणाच्या पाकळ्याही आत्ताच लावा, त्याला थंडी लागतेच.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमचं घर भाड्याचं आहे ना, मग जमीन खणायच्या आधी लेटिंग एजन्सीला (घरमालकाच्या वतीने भाड्याचं बघणारी कंपनी) ईमेल करा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. आमच्या एजन्सीने फोनवर "हो हो, करा की" सांगितलं होतं, मी लॉनच्या कडेने एक पट्टा खणून कंद, लसूण लावलं, तो हिवाळा तेवढ्यावर निभावला, आणि घर सोडताना त्यांनीच चेकआउट रिपोर्टमध्ये (घर सोडताना त्याची अवस्था नोंदवतात तो) लॉनचं नुकसान असं लिहून डिपॉझिट कापायला काढलं. फोनवर बोललेली बाई नोकरी सोडून गेलेली, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा. पैसे गेले ते गेलेच, पण धसका असा बसला की नव्या घरात पुढचा अख्खा सीझन मी मातीला हात लावला नाही, आणि तो हिवाळा सगळ्यात वाईट गेला. इंग्लंडमध्ये डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावंच लागतं आणि त्या योजनेतून असे वाद फुकट सोडवून मिळतात, हे एजन्सीतल्या एकानेही सांगितलं नाही. इतका राग आहे अजून.

म्हणून माझं ठाम मत, भाड्याच्या घरात सगळं कुंड्यांत लावा, घर बदललं की बरोबर नेता येतं. (काहींना हे पटणार नाही, स्वतःचं घर असेल तर गोष्ट वेगळी.) कुंडीवर जाळी टाका, खारी येऊन ट्युलिपचे कंद उकरून खातात. डॅफोडिलचे कंद आणलेत तर स्वयंपाकघरात कांद्यांजवळ अजिबात ठेवू नका, विषारी असतात आणि दिसतात कांद्यासारखेच. पाऊस थांबतच नसेल तर खिडकीत ट्रेमध्ये मेथी पेरा, थोड्याच दिवसांत कोवळी भाजी मिळते.

आणि रडू येणं, न उठवणं दोन आठवड्यांवर चाललं असेल तर कुंड्यांवर भागवू नका, जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजना, म्हणजे समुपदेशनाला, स्वतःच ऑनलाइन नाव देता येतं, आणि आपल्या भाषेसाठी दुभाषा मागायला लाजू नका. ऑक्टोबर ते मार्च 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व रोज घ्यायला एनएचएसच सांगते.

अंगण कुठल्या दिशेला आहे आणि करार कधी संपतोय ते लिहा, मग कुंड्यांत काय लावायचं ते सांगते.