तुमच्या घरची शेतजमीन किती पिढ्यांपासून तुमच्याकडे आहे?

कसण्याचं विचाराल तर घरातल्या माहितीप्रमाणे सहा पिढ्या. मालकीचं विचाराल तर आजोबांपासून, म्हणजे माझी तिसरी.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं, खोतीचं, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातलं. खाली भाताची खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणीची वरकस जमीन. पणजोबांनी नांगरली तीच खाचरं आज चुलतभाऊ लावतो, पण तेव्हा ती कागदोपत्री खोताची आणि आम्ही अर्धेलीचं कूळ. निम्मं भात खळ्यावरूनच खोताकडे जायचं. पावसात बांध फुटला की घालायचा मात्र आम्हीच.

खोती सुखासुखी गेली नाही. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहाएक वर्षं संप केला. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं, आणि तरीही खोताची खासगी जमीन त्याच्याकडेच राहिली. आमची नेमकी त्यातली.

ती आमची झाली कुळकायद्याने. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कायदेशीर कूळ म्हणून जो कसत होता तो मालक मानला गेला. लोक म्हणतात कुळांना फुकट मिळाली, तसं नाही. कलम 32-ग खाली किंमत ठरायची, साधारण आकाराच्या (जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या) 20 ते 200 पटीत. आजोबांनी ती हप्त्याहप्त्याने भरली, मग 32-म चा, म्हणजे खरेदीचा, दाखला हातात आला. सोबत सातबाऱ्यावर कलम 43 चा शेरा: परवानगीशिवाय विक्री नाही. (2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट नजराणा सरकारला भरून विकता येते.) वडील त्या शेऱ्यावर वैतागायचे. मला वाटतं, मुंबईच्या गिऱ्हाइकांपासून जमीन वाचली ती त्याच्यामुळेच.

आता सातबाऱ्यावर काका, आत्या, त्यांची मुलं अशी नावांची रांग आहे आणि वाट्याला गुंठे येतात. आत्यांनी हक्कसोड करावी असा आग्रह झाला होता. वडिलांनी होऊ दिला नाही.

तुमच्या घरचं शोधायचं असेल तर सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे मागे जा. जुन्या उताऱ्यांवर मालकाच्या रकान्यात पणजोबा सापडले नाहीत तर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना बघा. आमचे तिथेच सापडले.